अर्ध्या चहापुरतं

मंगळवारी आणि शुक्रवारी
ओरोस ते वेंगुर्ला, माझ्या सात मशिनी.
एक जिल्हा इस्पितळात, डायलिसिसच्या दाराशी,
एक कुडाळ स्टेशनावर,
एक बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात,
बाकीच्या कुठे कुठे.

नाईकदादांनी रूट विकला तेव्हा
किल्ल्यांच्या जुडग्यासोबत एक वाक्य फुकट दिलं :
"बोलायचं अर्ध्या चहापुरतं.
अख्खा घेतलास की उधारी सुरू होते.
अजिबात नाही घेतलास
तर मशीनमागची वायर उंदीर खातो,
आणि तो उंदीर कोणालाच दिसत नाही."

मी हिशेबी माणूस. पहिलं वर्ष
तेवढंही बोललो नाही.
दार उघड, चिक्की वर, कोकम सरबत खाली,
नाणी पिशवीत, काचेवरून फडकं,
"येतो."

बर्फाच्या कारखान्यातल्या वॉचमनचं नाव
चौदा महिने मला माहीत नव्हतं.
मफलर, एवढंच. भर मे महिन्यात मफलर,
कारण पाठीशी बर्फाच्या लाद्या
आणि समोर मे.

मग एकदा गाडीची क्लचप्लेट गेली.
कुडाळहून मेकॅनिक येईपर्यंत अडीच तास.
मफलरने खुर्ची सरकवली,
"बस मरे. खय पळतंस?"
आणि खणातून वही काढली, शाळेची, दुरेघी :

तांडेल, दहा रुपये, चिक्की अडाकली.
मोंडकराचो झील, वीस, कायेक इला नाय.
ट्रकवालो, नाव सांगूक नाय, दहा. शिवये घातल्यान.

अशी पाच पानं.
मशीनने गिळलेले, याने खिशातून भरलेले.
"लोक मशिनीक बोलणत नाय रे.
माका बोलतत."

मी पिशवी सोडून नाणी मोजायला लागलो
तर त्याने वही मिटली.
"पैशे रवांदेत.
त्या तिसऱ्या स्प्रिंगाचा काय ता बघ."

त्याचं नाव भानुदास गवस.

तेव्हापासून बोलायला लागलो
आणि लगेच जास्त बोललो.
स्टेशनावरच्या हमालाला नातू झाला, चार चॉकलेटं.
पंचायत समितीतला शिपाई
सरबत हा आमच्या ओळखीचाच भाग समजायला लागला,
हळूहळू साहेबांनाही समजावून सांगायला लागला.
एका शुक्रवारी इतक्या जणांना "बरा मां?" विचारलं
की गाडीतलं दूध नासलं.
बायकोने हिशेबाची वही पुढ्यात टाकली,
"मशिनीत भरतंस काय वाटतंस?"

इस्पितळात मात्र मी गप्प.
तिथे मंगळवारी हसीनाबी मुकादम असतात,
हातात वीसची नोट, घडी घालून घालून मऊ झालेली.
मशीन ती घेतं, बाहेर ढकलतं,
घेतं, बाहेर ढकलतं.
मी नोट मांडीवर ठेवून तळव्याने सपाट करतो, परत देतो.
"कसे आहेत?" विचारत नाही.
विचारलं होतं एकदा, दुसऱ्याच कोणाला,
आणि मग हातातला खोका कुठे ठेवावा कळेना.
बिनसाखरेची कॉफी त्या मशीनमध्ये संपू देत नाही.
त्या मान हलवतात. मी दार लावतो.

नाईकदादांना हे सांगायचं होतं,
की अर्धा चहा प्रत्येक कपात
वेगवेगळ्या रेघेवर येतो.
पण ते मुलीकडे गोव्याला गेले,
आणि फोनवर फक्त गुडघ्यांबद्दल बोलतात.

गेल्या महिन्यात कारखान्याचं कंत्राट बदललं.
गवस नाही. खुर्ची तीच.
तिच्यात एक पोरगा, मफलर नाही,
दोन्ही कानांत बोंडं, नजर मोबाइलमध्ये.
खण उघडून बघावासा वाटला.

मी चिक्की भरली. काच पुसली.
परत पुसली.
तिसऱ्या स्प्रिंगाला बोट लावलं, फिरतो नीट.
मग उगाच म्हणालो,
"आज बर्फ कमीच दिसता."

त्याने कानातलं एक बोंड काढलं.
एकच.