अर्धा इंच

न्यू मॉल्डन, हाय स्ट्रीट. मासळीच्या दुकानाला लागून
आमचं अल्टरेशनचं दुकान. आमचं म्हणजे ओक-सुनबाईंचं,
मी पगारी.
मंगळवारी सहाला शटर अर्धं ओढून
त्या इस्त्रीच्या टेबलावर टॅब उभा करतात,
काळ्या दोऱ्याच्या रिळाला टेकवून,
आणि आम्ही मालिका बघतो.

नवरा पियानो विकतो. त्याची ती, सोलमध्ये नदीकाठी राहते.
बायको आदळआपट करत नाही.
सवतीची इमारत विकत घेते,
दर भागात एक मजला.

ओक-सुनबाई ऐकतात, मी खालची अक्षरं वाचते.
अक्षरांना भारी घाई. नटीचं वाक्य पुरं व्हायच्या आत
मला इंग्रजीत कळलेलं असतं की तिला कळलंय.
त्या डोळ्याला रुमाल लावतात
तेव्हा माझं रडून झालेलं असतं.

घरीही तसंच.
श्रीरंग काही बोलला नाही. अजून बोललेला नाही.
पण डिसेंबरपासून गाडीत माझ्या सीटवर बसलं
की गुडघ्यांपुढे वीतभर जागा जास्त.
मी सीट पुढे ओढायची.
सोमवारी ती परत मागे.
पदरी पडलं, पवित्र झालं, आई म्हणायची.
पदर आता वर्षातून दोनदा,
मंडळाच्या हॉलमध्ये, पिना लावून.

फेब्रुवारीत ती आली.
हिरवा मखमली ड्रेस, लांबी कमी करायची.
उंच, सर्दी झालेली, सारखी सॉरी म्हणणारी.
स्टुलावर चढली. मी तिच्या पायांशी,
तोंडात सात टाचण्या.
बिलासाठी तिनं फोन नंबर सांगितला.
शेवटचे चार आकडे
मी तिच्याबरोबरच म्हटले, टाचण्यांआडून.
तिला वाटलं, खोकला.

रात्री कात्री लावली.
डावीकडे अर्धा इंच जास्त.
एवढंच. मजला नाही, इमारत नाही.
चालताना तिला वाटत राहावं काहीतरी कलतंय
आणि आरशात ते सापडू नये.
इचलकरंजीच्या शिवणवर्गातल्या म्हेत्रेबाई
पट्टी घेऊन मागे उभ्या आहेत असं
दोनदा वाटलं. मागे वळले नाही.

सकाळी ओक-सुनबाईंनी हँगर उजेडात धरला.
याच बाई पडद्यातल्या नवऱ्याला चप्पल दाखवतात,
चौथा मजला घेतला तेव्हा यांनीच मला टाळी दिली.
कपाळावरचा चष्मा नाकावर आला.
ड्रेसकडे. माझ्याकडे.
मग त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, हळू.
खाली अक्षरं आली नाहीत.

खुर्ची ओढून त्यांनी सगळी दुमड उसवली,
उजवी बाजूही अर्धा इंच वर घेतली,
हातशिलाई केली, बाहेरून टाका दिसेल तर शपथ,
आणि बिलावरचे चौदा पौंड खोडून
अठ्ठावीस लिहिले.

सुरेख झालाय, ती म्हणाली. नाक पुसत पैसे दिले.
खरंच झाला होता.
मागितला त्याहून आखूड, पण सरळ.

काल मंगळवार. घरी पोचायला साडेआठ.
श्रीरंगनं कुकर लावला होता.
शिट्ट्या तो बोटांवर मोजतो.
काय म्हणतेय तुमची ती बाई?
सहा मजले झाले.
आणि नवरा?
त्या फ्लॅटचं भाडं तोच भरतो. कुणाला भरतोय
ते अजून माहीत नाही त्याला.
तो हसला. जरा जास्तच वेळ.
शिट्टी राहिली मोजायची.
संपणार कधी ही भानगड?

अजून चार भाग आहेत, मी म्हटलं,
त्याची उसवलेली पँट दिव्याखाली धरली
आणि दातानं दोरा तोडला.