साडेतीनची दिवेलागण

वरच्या मजल्यावरच्या इशबेल रेनीने
हॉस्पिटलला जायच्या सकाळी माझ्या हातात ठेवली
लोणच्याची वाटावी अशी एक बरणी,
झाकण सैल, पोटावर रबरबँड.
रोज खायला घाल, हेन, म्हणाली.
हेन म्हणजे कोंबडी. डंडीत हे लाडाचं.

आत राखाडी रबडी, वर दोन बुडबुडे.
चौतीस वर्षांचं आहे म्हणे,
तिच्या दोन्ही नवऱ्यांपेक्षा जास्त टिकलेलं.

म्हटलं, विरजणच की.
विरजण मला कळतं.
उत्साहावर विरजण पडलं, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं
त्याने आयुष्यात कधी दही लावलं नसणार.
पण विरजण दुधात सोडलं की आपण झोपायला मोकळ्या.
हे मागत राहतं.
निम्मं काढून टाक, तेवढंच पीठ, तेवढंच पाणी,
उद्या पुन्हा निम्मं काढून टाक.

ते काढून टाकणं जमेना.
सिंकपाशी वाटी धरून मी नुसतीच उभी,
ताटाबाहेर पडलेलं शीत वेचून खाणारी बाई.
मग धिरडी. जिरं घालून, मिरची घालून,
उरलेली मेथी घालून.
गुरुवारपर्यंत मलाच नकोशी झाली.
शुक्रवारी टाकलं.
नळ मोठा सोडून,
जसं काही वरून कुणी ऐकत होतं.

डिसेंबर. टे नदीवरून येणारा वारा
खिडकीच्या फटीतून थेट ओट्यावर.
हीटर मी दोनच तास लावते.
बरणी रबरबँडच्या खालीच बसून, फुगलेली नाही, रुसलेली,
वास नेलपॉलिशचा.
राईचं पीठ संपलं होतं, दुकान लांब, बाहेर बर्फ.
डब्यातला चपातीचा आटा घातला दोन चमचे,
बरणी शालीत गुंडाळली
आणि गरम पाण्याच्या पिशवीशेजारी, पायथ्याशी,
कुणाला सांगण्यासारखं नाही हे, निजवली.
पहाटे शाल चिकट.

थोडं डबीत घेऊन वॉर्डात गेले.
इशबेलने मला नर्स म्हटलं, मग मुलीच्या नावाने हाक मारली,
मग खिडकीकडे बघत बसली.
डबी उघडली तशी नाक पुढे आलं.
उपाशी आहे हे, म्हणाली.
आणि राई नाही घातलीस तू.

आज पावणेचारला दार वाजलं.
तळमजल्यावरचा टोमाश, हातात जॅमची रिकामी बाटली.
त्याची आई आंबवलेल्या पिठाचं सूप करायची,
इतकंच सांगितलं, पुढे काही नाही.
मी चमचा घेतला आणि थबकले.
दिवेलागणीनंतर विरजण देऊ नये,
घरातलं जातं.
इथे साडेतीनलाच रस्त्यावरचे दिवे लागतात,
मग माणसाने द्यायचं तरी कधी?

स्वयंपाकघरातला दिवा मी बंद केला.
पोरगा गप्प उभा राहिला, बरं वाटलं त्याचं.
अंधारात चमचा काचेला दोनदा लागला,
निम्मं गेलं असेल, जास्तही असेल.
जिन्यात तो दोन पायऱ्या उतरला
तेव्हा आठवलं,
अरे थांब, हा रबरबँड ने,
माझ्याकडे आहेत.
त्याच्याशिवाय कळत नाही वाढलं का ते.