दीड दिवस

शिमगा सरला की सातेरीच्या पायरीवर बैठक बसते.
विषय एकच: यंदा पारध किती दिवस?

बंदुका नाहीत आता.
परवाना तेवढा ट्रंकेत, वाळवीनं खाल्लेला,
साहेबाची सही मात्र शाबूत.
काठ्या, दोन ढोल, आठ कुत्री,
जांबोटीच्या वरच्या रानात शिरायचं, हाका घालायचा,
देवाच्या दगडावर नारळ फोडून माघारी यायचं.
एवढ्यासाठी एवढं भांडण.

भरमाण्णा पाच दिवसांवर अडलेला.
पहिल्या दिवशी रान नुसतं कान टवकारतं, म्हणतो,
दुसऱ्या दिवशी आपले पाय आवाज करायचे थांबतात,
पारध तिसऱ्यापासनं.
त्याचा पुतण्या बेळगावहून आलेला,
सोमवारी फौंड्रीत पहिली पाळी:
"रविवार एक, बस झाला की."
कडेला गार्ड हनमंत तळवार, टोपी गुडघ्यावर.
"ओंदे दिना," तो म्हणाला, मग मराठीत,
"एक भेकर जरी मेलं
तर तुम्ही आत आणि मी घरी."

मग बोलणं घसरलं. दरवर्षी घसरतं तिथंच.
चांगली पारध म्हंजे कुठली?

दोन हात शिंगांचं सांबर पडलं ती, एकजण.
फोंडू गुरव म्हणाला, वाटणीला भांडण झालं नाही ती.
बार लावणाऱ्याला मुंडी, हाकाऱ्यांना सारखे वाटे,
गरवार बाईच्या घरी एक जादा,
कुत्र्याला कुत्र्याचा.
"असली पारध मी दोनदाच बघितली,
खरं दुसऱ्या वेळी ससाच होता."

हसून झाल्यावर सगळे आप्पाकडं वळले.

सातवी बारी, करंजाच्या नाल्यापाशी.
आप्पा सकाळपासनं उकिडवा.
मुंगी मनगटावरनं कोपरापर्यंत गेली, तिथनं परत आली,
तरी हललो नाही म्हणतो.
ढोल अजून लांब. वानर खोकलं.
आणि सांबर आलं, पळत नाही, चालत,
मान ओली, डाव्या कानाला जुनी फाटणी.
बारा पावलांवर थांबून त्यानं आप्पाकडं बघितलं,
म्हंजे आप्पाच्या मागच्या झाडाकडं,
आप्पा तेव्हा झाडातच जमा.
घोडा ओढला. नुसतं टक्.
"दारू सादळलेली रे!"
हे वाक्य आता पोरंपण त्याच्याबरोबर म्हणतात.

मी कप गोळा करायला गेलो होतो
(आमच्याकडं बायकापण गेलो, आलोच म्हणतात).

सादळलेली नव्हती.
मी अकरा वर्षांची होतो. तीन दिवस
अंगणात, पितळी परातीत,
कोंबड्या हाकलत ती दारू मीच वाळवली होती.
रात्री नळी रिकामी केली तेव्हा
कंदील लांब धरायला मीच उभी.
परातीत पडली ती मोहरीसारखी, सुटी सुटी.
डबीतल्या टिकल्या मोजल्या. पंधरा.
सकाळीही पंधराच होत्या.

आप्पानं माझ्याकडं बघितलं
आणि उद्याला कुळीथ भिजत घाल म्हणाला.

त्याला एकोणचाळीस वर्षं झाली.
मी कधी विचारलं नाही.
सांबर देखणं होतं म्हणून, की आप्पा भ्यायला,
की टिकली लावायचीच विसरला होता
आणि पुढची सगळी वर्षं
त्या विसरण्याला काहीतरी नाव शोधत बसला.

शेवटी दीड दिवस ठरला.
"गणपतीसारखं," कुणीतरी म्हणालं,
भरमाण्णा चपला न घालताच उठून गेला,
हनमंतनं वहीत 'एक' लिहिलं, अर्धा गिळला.
बाऱ्या वाटताना आप्पा म्हणाला, सातवी माझी.
वय ऐंशी, एका डोळ्यात मोती.
कुणी हरकत घेतली नाही.

कप मोजले. चौदा नेले होते, तेरा भरले.
चौदावा आप्पाच्या हातात होता,
गार, सायीसकट.