पाणी उभं राहतं तेव्हा

पंचायतीच्या ओट्यावर डोळ्यांचं शिबिर भरलं,
तिथं मला चष्मा मिळाला. फुकट. दीड नंबर.
जवळचा, म्हणाली डॉक्टरीण, वाचायला घाला.
मी तरीवरचा माणूस. माझं सगळं बघणं लांबचं:
पलीकडच्या धक्क्यावर कोण हात करतंय,
बावट्यावर वारा कुठचा.
चष्मा होता, वाचायला काही नव्हतं.

म्हणून गेलो खडप्यांच्या मोरेश्वराकडं.
एकच कपाट, त्याला दोन कुलपं.
'कुठलं देऊ?'
'अक्षर मोठं असलेलं.'
त्यानं दिलं ते नवव्या पानापासून सुरू होत होतं.
आधीची आठ वाळवीनं वाचलेली.

आता वेळ.
घड्याळाची वेळ मला कधी जमली नाही.
पण सुकती तळाला लागली की
जैतापूरच्या खाडीत पाणी उभं राहतं.
ना जातं, ना येतं.
पलीकडच्या पायऱ्यांना चिखल उघडा पडतो,
होडी टेकत नाही, माणसं विड्या काढतात.
तेवढ्यात माझी दोन पानं.
खुणेला जाळ्याचा निळा धागा.

उधाणाला सुकती येते तिन्हीसांजेला,
उजेड कमी, पाणी घाईत. एकच पान.
अष्टमीला, भांगाला, भर दुपारी
पाणी आळसावतं. तेव्हा चार, कधी पाच.
महिन्याचा हिशेब कुणी करायचा?
माझं पुस्तक चंद्रानं वाढतं आणि कमी होतं.

हुस्ना सोलकर टोपली उतरवून ठेवायची.
'मनातल्या मनात काय चघळतोस? मोठ्यानं वाच.'
वाचलं. अडखळलो जोडाक्षरांवर,
सातवीतल्या बाकावर अडखळायचो तसाच,
फक्त इथं कुणी हसलं नाही.
पाणी फिरलं, मी वल्हं घेतलं,
ती ओरडली, 'अरे, फुडं काय झाला?'
'उद्या.'

आषाढात तर बंद.
घरात कौलं गळतात, चूल धुमसते,
पण घरात पाणी उभं राहत नाही.
पुस्तक फडताळात, पिशवीत गुंडाळलेलं.
आज नको, उद्या बघू, असे अकरा दिवस गेले.
बाराव्या दिवशी दारात छत्री झटकत हुस्ना:
'मेला का जगला तो पोरगा, तेवढं सांग,
मग मी जाते.'
मलाही माहीत नव्हतं.
दोघांनी उंबऱ्यात बसून बघितलं.
जगला.

लोक विचारतात, वाचून काय मिळालं तुला?
तिकीट तेवढंच, कंबर तशीच दुखते.
एक सांगतो.
आधी माझ्याकडं दुःखाला एकच शब्द होता: चालायचंच.
कुणाची होडी फुटली, चालायचंच.
कुणाची सून माहेरी गेली ती गेलीच, चालायचंच.
परवा हुस्ना म्हणाली, कुवेतहून मुलाचा
सहा आठवडे फोन नाही.
शब्द ओठापर्यंत आला होता.
मी गिळला. थोडा वेळ नुसता बसलो,
पान उलटायच्या आधी बसतो तसा.
मग विचारलं, 'लहानपणी कसा होता गो तो?'
ती बोलत राहिली. चिखलात कुर्ल्या चालत होत्या.
त्या दिवशी एकही पान झालं नाही.
तो दिवस मी मोजतो.

पुस्तक संपलं मार्गशीर्षात.
मला शेवट ठाऊक आहे, सुरुवात नाही.
'पहिली आठ पानं तूच सांग,' हुस्ना म्हणाली,
'इतकं वाचलंस, तेवढं येत नाही?'
मी चष्मा पुसला. सदऱ्याच्या मिठानं तो अजून धुरकटला.
सुरू केलं, 'एक होतं गाव...'
तेवढ्यात पायाखालची फळी हलली,
होडीनं बूड उचललं, माणसं उठून उभी राहिली.

'उद्या,' मी म्हटलं,
'पाऊण तास उशिरा या.'