वजनकाटा

मी भंगार घेतो. केप टाउनच्या टोकाला, लॅव्हेंडर हिलमध्ये,
जिथे लॅव्हेंडर नाही, टेकडीही नाही,
वाळू आहे, आणि ती डोळ्यांत फेकणारा समुद्राचा वारा.
तांब्याला एक भाव, पितळेला एक.
‘कुठून आणलंस’ला भाव नाही,
म्हणून विचारत नाही.

कर्टली पहिल्यांदा आला तो केटल घेऊन.
तळाशी अजून पाणी होतं. कोमट.
ते ओतून टाकलं आणि मग वजन केलं.
धंद्यात एवढा प्रामाणिक आहे मी.

मग नळ. मग गीझरची तांब्याची नळी,
तेव्हा तीन मजल्यांचं पाणी गेलं
आणि तीन मजल्यांच्या शिव्या त्याच्या आईला पोचल्या.

इथे त्या पुडीला टिक म्हणतात.
नाव टिक, आणि तिच्यापुढे काही टिकत नाही,
भांडं नाही, दात नाहीत, आईच्या गळ्याची शपथ नाही.
जिन्यातले बल्बही नेतात पोरं,
आतली तार उपटून त्यातूनच धूर ओढतात.
संध्याकाळी अख्खा जिना काळोखात
आणि वळणावर एकच बल्ब, खालून पेटवलेला.

शुक्रवारी मिसेस फोर्टुइन येते, मासळीच्या कारखान्यातून थेट,
नखांत खवले.
ढिगाकडे बोट करते: तो. माझा.
एकदा कोर्टात गेली होती पोराविरुद्ध अर्ज द्यायला.
‘आरोपीशी नातं’ या रकान्यापाशी पेन थांबलं.
घरी येऊन हात धुवायला गेली
तर नळ नव्हता.

चाळीस रँडला घेतलेला नळ मी तिला पन्नासला देतो.
चारदा दिलाय. तोच.
त्या वरच्या दहाला कुठलं कलम लागतं
मी कुणाला विचारलेलं नाही.

परवा पोलीस आले. कर्टली सापडला
परक्या घराच्या खिडकीत, अर्धा आत, अर्धा बाहेर.
ओळखतोस? म्हणाले.
गिऱ्हाईक आहे, म्हटलं.
चोर म्हणायला जीभ रेटेना,
तो शब्द तिथून निघाला असता
तर माझ्या दारावरूनच गेला असता.

आज शुक्रवार नव्हता, तरी ती आली.
रुमालातून नळ काढून तिनंच काट्यावर ठेवला.
भोकात बूच मारून आलेय, म्हणाली,
जामिनाला थोडे कमी पडतायत.

काटा नेहमीच्याच जागी थांबला.
मी चाळीस दिले.
पन्नासची नोट हातात आली होती, खोटं नाही सांगत.
पण सवय.