टिमकी

प्रकाशक बाई म्हणतात, रोज एक फोटो टाक.
हसरा असू दे.
पुस्तक कॉफीच्या कपाशेजारी ठेवून मी अकरा फोटो काढले.
दहांत माझीच सावली पडली पुस्तकावर,
अकराव्यात कप चांगला आला.
तो टाकला
आणि फोन पावाच्या डब्यात कोंडून
जिन्यात जाऊन बसले,
घरात काहीतरी जळतंय अशी.
तासाभराने डबा उघडला. तिघांना आवडलं होतं.
त्यांतला एक माझा दंतवैद्य.

हल्ली आपली टिमकी आपणच वाजवावी लागते गं,
बाई म्हणतात, प्रेमानेच म्हणतात.
त्यांना कसं सांगू
की टिमकी वाजतेच आहे,
बरगड्यांच्या आत, पहाटे चारपासून,
आणि थांब म्हटलं की आणखी जोरात.

कायानी. नोव्हेंबर. दुपारी तीनला अंधार.
वाचनालयाबाहेर गाडीत बसून मी
पिर्योला मेसेज लिहिते: ताप आलाय.
पुसते.
लिहिते: गाडी बंद पडली.
इंजिन ऐकत असतं, चालूच.
पुसते.
अर्धी गोळी घेते. उरलेली अर्धी
नाण्यांच्या कप्प्यात, सुट्ट्या पैशांसारखी.

माझं पुस्तक एका बाईविषयी आहे.
ती हिवाळ्यात नदीवर जाऊन बर्फाला भोक पाडायची,
काठी घालून जाडी मोजायची
आणि काठावर येऊन सांगायची,
आज माणूस चालेल. घोडा नको.
पाच वर्षं तिच्यासोबत राहिले.
कुणी विचारायला आलं नाही, हे कशाविषयी आहे.
काय सुख होतं!
आता ते चार वाक्यांत सांगायचं असतं.
पाठ केलीत. सौनात बसून म्हणून पाहिलीत,
वाफेत चारही छान येतात.

खुर्च्या नऊ. माणसं पाच,
आणि ओईवा नावाच्या म्हाताऱ्याचा कुत्रा.
पहिलं वाक्य आलं.
दुसरं आलं नाही.
तोंडाला कोरड. टेबलाची कड धरली,
पायाखालच्या फरशीची जाडी किती असेल
याचा अंदाज घेत राहिले.

पण इथल्या माणसांना शांततेचं काही वाटत नाही.
कुणी हातमोजे काढून मांडीवर ठेवले,
डाव्यावर उजवा.
कुणी बाहेरून जाणारा बर्फ काढायचा ट्रॅक्टर
वळणापर्यंत पाहिला.
कोपऱ्यातल्या बाईचं विणणं चालू होतं.

माझ्याच तोंडून निघून गेलं,
"मला आत्ता इथून पळून जावंसं वाटतंय."

बाई टाके मोजत होती.
ओळ संपवली, मग म्हणाली,
"दार उघडंच आहे.
पण आधी ते घोड्याचं वाच.
मागच्या पानावर घोडा आहे असं लिहिलंय,
मी त्याच्यासाठी आलेय."

वाचलं.
माझा आवाज जिथे थरथरला
तिथे नेमका घोडाही थरथरत होता,
म्हणून खपून गेलं.
कुत्रा मात्र उठून दाराशी गेला,
मला हेवा वाटला त्याचा.

दोन प्रती गेल्या. एक वाचनालयानेच घेतली.
दुसरीवर सही केली तेव्हा ओईवाने चष्मा वर सरकवला.
"हे नाव आहे की भूकंपाची नोंद?"
"दोन्ही," मी म्हणाले.
तो हसला नाही.
शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घालत उभा राहिला,
बराच वेळ,
जसं गरम सुपावर नातवासाठी घालतात.

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडं, अंधार.
डिकीत अठरा.
टिमकी वाजतेय, जराशी खालच्या पट्टीत.
फोटो काढायचा राहिलाच.
बाईंना काय सांगू? कुत्रा चांगला आला असता.

उद्या सोत्कामो.
तिथे म्हणे
खुर्च्या चाळीस आहेत.