माया

शिवणीच्या आत बोटभर कापड मी नेहमी राखते.
गिऱ्हाईक म्हणतं, कशाला, आता मी थोडीच वाढणार?
मी मान हलवते, आणि दोन बोटं राखते.

स्वतःच्या कपड्यांना मात्र, बारा वर्षांपूर्वी,
सूतभरही माया ठेवली नव्हती.
एकशे एकतीस किलोची मी
पोर्तो आलेग्रीच्या बसची दोन तिकिटं काढून गेले
आणि पोटाची वाट बदलून आले:
अंड्याएवढी पिशवी, तिथून थेट आतड्यात उतरणारा आडरस्ता.
अठरा महिन्यांत चौऱ्याहत्तर.
दर पंधरवड्याला मशीनवर स्वतःला आत घ्यायची,
कडेचं कापून टाकायची.
टेबलाखाली चिंध्या साचत गेल्या.
वाटायचं, ती मी.
झाडून काढली की संपलं.

पेलोतास, मिठायांचं गाव.
जूनच्या धुक्यात जत्रा भरते,
अंड्याच्या बलकाची पिवळीधमक किंजीं मांडून बायका उभ्या असतात.
पहिल्या वर्षी एक खाल्लं
आणि घामानं निथळत, छाती धडधडत
जत्रेतल्या संडासाच्या फरशीवर बसून राहिले.
मला चक्क आनंद झाला.
आत कुणीतरी राखण करतंय म्हणून.

चौथ्या वर्षी पुन्हा एक खाल्लं, भीतभीत.
काही झालं नाही.
दुसरं खाल्लं.
काहीच नाही.
राखणदाराला डुलकी लागली होती,
आणि त्या रात्री मी जितकी घाबरले
तितकी ऑपरेशनच्या टेबलावरही नव्हते.

मासळीवाल्या क्लोविसच्या पोटाची बाही शिवली होती,
अरुंद, सरळ, एक चुणी नाही.
बाही कोपरापाशी ढिली पडतेच,
मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.
आता तो रात्री उशीला टेकून, बसूनच झोपतो, घशात जळजळ घेऊन,
आणि सकाळी मापात पाप न करता मासे तोलतो.

ओदेतेनं पट्टा घालून घेतला होता, आवळता येणारा.
तो सरकला. काढावा लागला.
नाडी ओढली म्हणून घागऱ्याचा घेर जातो कुठे?
चुण्यांमध्ये तिथंच असतो, वाट बघत.
आठ महिन्यांत सगळा परत आला,
वर सहा किलो व्याज.

पहिल्या वर्षी तपासणीच्या बाकावर जागा मिळायची नाही.
आता आम्ही तिघंच, एक मातेचा भोपळा, एक नळी,
आळीपाळीनं कडू घोट.
बाकीचे कुठे गेले, कुणी विचारत नाही.
लाज वाटणारा माणूस वजनकाट्याची गल्ली टाळतो.

परवा एक मुलगी आली, लग्नाचा झगा घेऊन,
पोटावर ऑपरेशनचे पाच ठिपके, अजून गुलाबी.
म्हणाली, गच्च बसू दे, अगदी कातडीसारखा.
हो म्हटलं.
आणि ती गेल्यावर दोन्ही कुशींत चार-चार बोटं माया दुमडून
टाके असे घातले, की कधी लागलंच तर
एका ओढीत निघावेत.

माझा एक निळा कोट तेवढा कापायचा राहिला होता,
कापड भारी म्हणून नुसताच आत घेतला होता.
या थंडीत तो उसवला.
आतलं कापड ऊन न पाहिलेलं, गडद,
बाहेरचं विटलेलं.
दोन्ही कुशींना उभे पट्टे.
कुणालाही वाचता यावं, बाई किती आत होती, किती बाहेर आली.

तोच घालून काट्यावर उभी राहिले.
त्र्याण्णव.
तरुण डॉक्टरनं कागद चाळले.
इन्सुलिन?
बारा वर्षं नाही, मी म्हटलं.
मग त्यानं आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि हलक्या आवाजात म्हणाला, कोट काढता का?

नाही, म्हटलं.
थंडी आहे.
वजा करा की.